एम्प्लॉयमेंटचं कार्ड

जळगावच्या मेहरूणचं नाव बोरांमुळे दूरवर गेलं. पण इथल्या शेतकऱ्यानं पोराला शाळेत घातलं, ते बागेत परत आणण्यासाठी नव्हे.

१९४५ साली जळगावात मूळजी जेठा आणि अमळनेरात प्रताप महाविद्यालय सुरू झालं. खानदेशात घराजवळ पदवी मिळू लागली. सरकारनं सेवायोजन कार्यालयं काढली तीही त्याच वर्षी, मात्र महायुद्धातून मोकळ्या झालेल्या सैनिकांसाठी. फाळणीनंतर तिथं निर्वासित आले आणि १९४८मध्ये ती सर्वांना खुली झाली.

मग मॅट्रिक किंवा बी.ए. झालं की ‘एम्प्लॉयमेंटचं कार्ड’ काढायचं, ही रीतच पडली. कार्डावर नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि नूतनीकरणाच्या तारखा. तारीख चुकली की ज्येष्ठता गेली, म्हणून ते रेशनकार्डासारखं जपायचं. ‘मुलाखतीचा कॉल आला का?’ हे घरचे विचारत, पाहुणेही विचारत. कार्यालयाच्या हाती मात्र फार काही नव्हतं. सेवायोजन कार्यालयांविषयीचा १९५९चा कायदा १ मे १९६०पासून, म्हणजे महाराष्ट्राच्या जन्मदिवशीच, लागू झाला. त्यानं रिकाम्या जागा कळवणं मालकांना सक्तीचं केलं. त्या कार्डवाल्यांमधूनच भरा, असं कुठं म्हटलं नाही.

१९७२च्या दुष्काळानं याच राज्याकडून एक मोठं काम करून घेतलं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९७७ साली कायदा झाली. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता! खर्चासाठी १९७५पासून पगारदारांचा व्यवसाय कर कापला जाऊ लागला. नोकरदार भरत होता, खडी फोडणाऱ्याच्या हाती मजुरी पडत होती. काम अंगमेहनतीचं असल्यानं बी.ए. झालेल्या पोरालाही ते मागता आलं असतं. पण त्याच उन्हातून सुटावं म्हणून तर घरानं त्याला शिकवलं होतं. त्याच्या शिक्षणाला साजेशा कामाची हमी कुणीच घेतली नाही, आणि हा अन्याय फारसा बोलला गेला नाही. इजिप्तनं १९६४मध्ये पदवीधरांना सरकारी नोकरीची हमी देऊन पाहिली, तर तिथं नेमणुकीची वाट पाहण्यातच वर्षं जाऊ लागली.

१९९०मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ आलं, पदव्या वाढल्या. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सेवायोजनाकडून नावं मागवणं पुरेसं नाही, जागांची जाहिरातही द्या. कॉलचं उरलंसुरलं महत्त्वही तिथंच ओसरलं. आता नोंदणी राज्य सरकारच्या ‘महास्वयंम’ या संकेतस्थळावर होते, आणि जिल्ह्याच्या कार्यालयाच्या पाटीवर कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असं लांबलचक नाव आहे.