ऑर्फियस (कुट्टिमचित्र)

ऑर्फियस : रशियात जन्मलेला फ्रेंच चित्रकार मार्क शागाल (१८८७–१९८५) याचे ग्रीक पुराणकथेवर आधारलेले विशाल कुट्टिमचित्र (१९६९). मूळ संकल्पचित्र शागालचे असून ते काच व पाषाण यांत साकार करण्याचे काम इटालियन कारागीर लीनो मेलानो याने केले; नीस येथील विधी महाविद्यालयातील युलिसीझविषयक कुट्टिमचित्रही याच दोघांचे. दहा फलकांची ही कृती सु. ३ मी. उंच व ५ मी.हून अधिक रुंद आहे.

इतिहासकार जॉन नेफ व त्याची पत्नी एव्हलिन हे शागालचे स्नेही. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागातील त्यांच्या घरी पाहुणा असता, घराला कशाचीही उणीव नाही, मात्र बागेसाठी आपण काही करू, असे शागालने सांगितले. त्यानुसार सिद्ध झालेले हे चित्र १९७१ मध्ये बागेत मुद्दाम बांधलेल्या भिंतीवर बसविण्यात आले.

ज्याच्या वादनाने पशू, वृक्ष व पाषाणही मोहित होत, आणि मृत पत्नी युरिडिसी हिला पाताळातून परत आणताना मागे वळून न पाहण्याची अट मोडल्यामुळे जो तिला कायमचा अंतरला, त्या ऑर्फियसची कथा सर्वश्रुत आहे. परंतु शागालने त्या शोकान्तापेक्षा संगीताच्या संजीवक सामर्थ्यालाच प्राधान्य देऊन वाद्यधारी ऑर्फियसच्या सोबतीला तीन सौंदर्यदेवता व पंखधारी अश्व पेगॅसस यांची योजना केली आहे. डाव्या कोपऱ्यात खाली जलाशय ओलांडण्यासाठी तिष्ठत असलेला जनसमूह दिसतो. महासागर पार करून अमेरिकेस आलेले निर्वासित, तसेच १९४१ मध्ये नाझी अंमलाखालील यूरोपातून झालेली आपली स्वतःची सुटका, या दोहोंचा निर्देश त्यात असल्याचे शागालने सांगितले होते. उजवीकडे खाली एक युगुल विसावलेले आहे. ते आम्हीच काय, या एव्हलिनच्या पृच्छेवर, तसे मानावयास हरकत नाही, एवढेच उत्तर त्याने दिले.

एव्हलिनच्या निधनानंतर (२००९) तिच्या मृत्युपत्रान्वये हे चित्र नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या हवाली झाले व आवश्यक त्या जतनकार्यानंतर २०१३ मध्ये तेथील शिल्पोद्यानात सर्वांना पाहण्यास खुले करण्यात आले. पुराणकथेतील गायकाच्या शेजारी विसाव्या शतकातील निर्वासितांना स्थान देऊन, प्राचीन कथा ही केवळ अलंकरणाची सामग्री नसून वर्तमान दुःखाला अर्थ देणारी जिवंत परंपरा आहे, हे शागालने येथे सिद्ध केले. आणि त्याला आश्रय देणाऱ्या देशाच्या राजधानीतच ती कृती सार्वजनिक ठेव व्हावी, हे सर्वथा उचित होय.