कूळ लागेल!

कुवेतहून चाचांचा फोन आला. रत्नागिरीतल्या घराचा वरचा मजला सहा वर्षं बंद आहे. भिंतींना ओल धरली आहे, मागच्या खिडकीला वाळवी लागली आहे. "कुणाला तरी राहायला दे," चाचा म्हणाले आणि लगेच पुढे म्हणाले, "पण निघणारा माणूस बघ हो."

निघणारा माणूस! भाडं किती देईल, घर कसं ठेवेल, हे सगळं नंतर. आधी तो निघेल का? आमच्या भागात संध्याकाळी फिरताना कुलूप लावलेली घरं मोजायची मला जुनी सवय आहे. त्यातल्या निम्म्या मालकांकडून मी हेच वाक्य ऐकलं आहे. ही भीती आली कुठून, ते शोधताना मला घराच्या कायद्याआधी शेताचा कायदा भेटला.

कोकणात घर भाड्याने देऊ नको असं सांगताना म्हातारी माणसं "भाडेकरू राहील" असं म्हणत नाहीत, "कूळ लागेल" म्हणतात. मराठीत कूळ म्हणजे वंशही आणि दुसऱ्याची जमीन कसणाराही. एकाच शब्दात दोन्ही अर्थ बसले आहेत, आणि मालकाला नेमकी भीती असते ती पहिला अर्थ दुसऱ्याला चिकटण्याची. म्हणजे माणूस एक येईल आणि वंश राहील. १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा आणि मग १ एप्रिल १९५७. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानलं गेलं. खोतांमध्ये हिंदू होते तसे मुसलमानही होते. आमच्या आजोळी त्या तारखेचा उल्लेख अजून घरात मयत झाल्यासारखा होतो.

इथे मला एक बोललं पाहिजे. आजोळच्या बैठकीत गेलेल्या जमिनीचा हिशेब होतो, पण १९५७ च्या आधी किती कुळांकडून "स्वखुशीने जमीन सोडली" असे कागद करून घेतले गेले, त्याचा होत नाही. असे कागद राज्यभर झाले. स्वखुशी किती होती ते वेगळं सांगायला नको. बेदखल हा शब्द मराठीला आमच्या उर्दूच्याच वाटेने मिळाला आहे. दखल म्हणजे आत येणं, शिरकाव. ज्याचा शिरकावच पुसला तो बेदखल. मराठीने पुढे "दखल घेणे" म्हणजे लक्ष देणे असा अर्थ काढला, तो मला फार आवडतो. असो.

घराचा कायदा मात्र मुंबईचा. पहिल्या महायुद्धात शहरात माणसं वाढली, घरं वाढली नाहीत, भाडी भडकली. म्हणून १९१८ मध्ये मुंबई सरकारने भाड्यावर बंधन घालणारा पहिला कायदा केला. तो युद्धकाळापुरता होता आणि पुढे संपला. दुसरं महायुद्ध आलं तसा १९३९ मध्ये पुन्हा कायदा आला आणि १९४७ मध्ये तो प्रसिद्ध मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्यात जुन्या जागांसाठी १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं ठरलं. भाडं वेळेवर देत राहिलं, अटी पाळल्या, तर मालकाला जागा खाली करून घेता येत नाही. मालकाला स्वतःला खरोखर गरज असली तरी कोर्ट विचारणार की अडचण जास्त कुणाची, मालकाची की भाडेकरूची? आणि भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्यांना हक्क. परत तेच, कूळ आणि वंश.

आता दुसरी बाजू. माझे अब्बा आणि त्यांचे दोन भाऊ मुंबईला डोंगरीत एका चाळीच्या खोलीत राहून कमावते झाले. खोली अब्बांच्या मामूंच्या नावावर. गोदीत काम करणारा गावचा कुणीही आला की तिथेच पथारी टाकायचा. त्या खोलीच्या भाडेपावत्या दादीने बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. मी लहानपणी त्या मोजल्या आहेत. वर्षं बदलत होती, शाई बदलत होती, आकडा बदलत नव्हता. त्या न बदलणाऱ्या आकड्यावर आमच्या घरातली तीन माणसं शिकली. चाचा कुवेतला जायच्या आधी चार वर्षं त्याच खोलीत होते. त्यांना कुणी "निघणारा माणूस" म्हणून पारखलं असतं तर आज रत्नागिरीतलं हे घर उभं राहिलं नसतं. फोनवर हे बोलून टाकावंसं वाटलं, पण वडीलधाऱ्यांना असं तोंडावर बोलत नाहीत.

चाळमालकाचं काय झालं? तेही बघायला हवं. गोठलेल्या जुन्या भाड्यात छपराची कौलंही येत नव्हती. त्याने डागडुजी सोडली, इमारती खचू लागल्या, आणि १९६९ च्या कायद्याने सरकारला दुरुस्तीसाठी मंडळ नेमून उपकर घ्यावा लागला. मालकांनी दुसरी वाट काढली ती पागडीची. खोलीचा ताबा देताना एकरकमी मोठी रक्कम हातात, पावतीवर तेच जुनं भाडं. कायद्याने तो गुन्हा होता, पण शहर त्याच्यावरच चाललं होतं. आणखी एक वाट होती लिव्ह अँड लायसन्सची. भाडेकरू नाही, फक्त वापराची परवानगी. मग १९७३ ची दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ ला परवानगीवर राहणारा जो होता, तो त्या दिवसापासून संरक्षित भाडेकरू मानला गेला.

माझ्या मते आजच्या कुलपांचं मूळ याच तारखेत आहे. १९५७ ने शेताबद्दल जे शिकवलं ते १९७३ ने घराबद्दल पक्कं केलं. कागदावर काहीही लिहा, सरकार एका रात्रीत पाहुण्याला घरचा करतं, हा समज मुंबईहून बोटीने आणि एसटीने कोकणात आला आणि इथेच राहिला. तो अजून निघालेला नाही.

कायदा मात्र पुढे गेला. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्याचं म्हटलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूचं संरक्षण त्यात राहिलं, वर्षाला चार टक्के वाढ मालकाला मिळाली, पागडीसुद्धा कायदेशीर झाली. आमच्या कामाची कलमं दोन. कलम २४ नुसार लेखी करारावर राहायला दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर मालकाला दिवाणी दाव्याच्या वर्षानुवर्षांच्या फेऱ्यात न पडता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तोवर दुप्पट दराने भरपाई मागता येते. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय तीन महिने कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता आमच्याकडचे मालक काय करतात? स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार, नोंदणी नाही. अकरा महिने का, तर वर्षाच्या आत असलं की नोंदणी लागत नाही असं ऐकलेलं असतं. देशाच्या नोंदणी कायद्यात भाडेपट्ट्यासाठी तशी सवड आहे, पण आपल्या राज्यात कलम ५५ पुढे ती चालत नाही. म्हणजे ज्या कागदाने मालक वाचतो तोच तो टाळतो आणि धोका मोजतो माणसाच्या तोंडावरून. बँकवाला चालेल, बदली होते. बाहेरचा नको. आडनाव काय? मांसमच्छी करता का?

बीएड करून मला पहिली नोकरी लागली तेव्हा तालुक्याच्या गावी मी खोली शोधत होतो. दोन ठिकाणी आडनाव विचारल्यावर खोली "कालच दिली" होती. याचं मला फार नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिसऱ्या ठिकाणी. घर आमच्याच जमातीतल्या माणसाचं, अब्बांच्या ओळखीचं. चहा झाला, खाऊ झाला, आणि ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही आपले. आपल्या माणसाला काढायचं कसं?" परक्याला तो राहून बसेल म्हणून नको आणि आपल्याला काढता येणार नाही म्हणून नको. ते वर्ष मी रोज एसटीने साठ किलोमीटर ये-जा केली.

चाचांच्या मजल्यासाठी दोघं आले. एक बँकेतले साहेब, बदलीचे. अगदी "निघणारे". पण नोंदणी नको म्हणाले, कशाला उगाच खर्च, माझा शब्द आहे. दुसरा बिहारचा, बाजारात शिलाईचं दुकान चालवतो, बायको आणि दोन मुलं. त्याने मी न विचारता आधार कार्ड पुढे केलं आणि म्हणाला, "जो कागज बनाना है बनाइए सर, बच्चों के स्कूल में भी लगेगा." मी चाचांना दोघांचंही सांगितलं. मुदत चोवीस महिने, करार नोंदवू, पोलिसांना भाडेकरूची माहिती देऊ, तुम्ही फक्त वकिलातीतून मुखत्यारपत्र करून पाठवा. चाचा बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "बिहारचा? मुलं शाळेत घालणार म्हणतो? मग तो कसला निघतोय?"

मी डोंगरीच्या खोलीची आठवण काढली, तेवढीच. ते हसले, "ती पावती कुठे असेल रे अजून?"

डबा माझ्याकडेच आहे. मुखत्यारपत्र अजून आलेलं नाही. शिलाईवाला जूनपर्यंत थांबतो म्हणाला आहे, शाळा सुरू व्हायच्या आधी त्याला पत्ता हवा. काल जाऊन मी वरच्या खिडक्या तेवढ्या उघडून आलो.