खोलीतून हातात : अ‍ॅस्टन लॅब्जची वाटचाल

ग्रॅहम कुक्स १९७१ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात रुजू झाले. त्यांच्या प्रयोगशाळेला फ्रान्सिस अ‍ॅस्टन या आद्य मास स्पेक्ट्रोमीटर-संशोधकाचे नाव आहे. रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचे आयन करायचे, भार आणि वस्तुमान यांच्या प्रमाणावरून ते वेगळे करायचे आणि पदार्थ ओळखायचा, हे या यंत्राचे काम. त्यासाठी निर्वात हवा, निर्वातासाठी पंप हवेत. यंत्राचे वजन आणि विजेची भूक वाढते ती मुख्यतः इथेच.

कुक्स यांच्या गटाने सुरुवात केली ती आयन-सापळ्यापासून. सापळ्याला त्या मानाने कमी निर्वात चालतो, म्हणून पंप लहान घेता येतो. पण वोल्फगांग पॉल यांच्या मूळ सापळ्याचे वक्र इलेक्ट्रोड घडवणे जिकिरीचे. म्हणून आधी दंडगोलाकार सापळा झाला आणि २००४ मध्ये झेंग ओयांग व सहकाऱ्यांनी सरळ सपाट पट्ट्यांचा. साध्या कारखान्यातही कापता येतील अशा त्या पट्ट्या! याच सापळ्याचे २००६ चे यंत्र ‘मिनी १०’ बुटांच्या खोक्याएवढे होते : वजन १० किलो, वीज ७० वॉट. २००८ च्या ‘मिनी ११’चे वजन बॅटरीसकट ५ किलो, वीज ३५ वॉटांहून कमी.

तरी बाहेरच्या हवेतले आयन आत घ्यायचे कसे, हा पेच होताच. मार्ग सतत उघडा ठेवला तर छोटा पंप हवेच्या लोंढ्यापुढे हात टेकतो. २००८ मध्ये या गटाने सिलिकोनची मऊ नळी चिमटणारी झडप बसवली. ती काही मिलिसेकंदच उघडते. आयन हवेबरोबर आत येऊन सापळ्यात अडकतात, झडप मिटते, पंप सावकाश हवा उपसतो आणि मग मोजणी होते. माझ्या मते या वाटचालीतला सर्वांत मोलाचा टप्पा हाच. पंपाला फक्त थोडी उसंत मिळाली आणि अडलेले काम सुटले.

नमुना तयार करण्याचा खटाटोप मात्र शिल्लक होता. तासभर गाळणे-शुद्ध करणे चालणार असेल तर हातातल्या यंत्राचा उपयोग काय? २०१० च्या सुमारास ‘पेपर स्प्रे’ आला. त्रिकोणी कागदावर रक्ताचा थेंब, वर थोडे द्रावक, मागच्या बाजूला चिमटा लावून काही हजार व्होल्ट. कागदाच्या टोकातून आयनांचा फवारा थेट यंत्रात. २०१४ मध्ये मांडलेले ‘मिनी १२’ हे टेबलावर ठेवायचे यंत्र आहे. ते मुद्दाम दवाखान्यासाठी, रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसालाही रक्तातल्या औषधाचे प्रमाण मोजता यावे म्हणून घडवले गेले.