टीएनएफचं कूळ कोणतं?

सांगलीहून मिरजेकडे निघालं की वानलेसवाडी लागते. मिरजेत १८९४ साली रुग्णालय उघडणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांचं हे नाव. इथे क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम होतं. पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ मध्ये बेल-एअर काढलं. जंतूवर औषध नव्हतंच. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध, अंडी आणि वजनाचा काटा. खाऊनपिऊनही माणूस का वाळत जातो, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

त्यात एका प्रथिनाचा मोठा हात आहे: टीएनएफ, म्हणजे ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’. पांढऱ्या पेशी धोक्याचा निरोप धाडतात, तो याच्यामार्फत. पुस्तकं त्याची वंशावळ कर्करोगाच्या घराण्यात लावतात. १८९१ पासून न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली रोग्यांना जंतू टोचत होते, काहींच्या गाठी विरघळल्या. मग १९७५ मध्ये कार्सवेल, ओल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या रक्तद्रवात गाठ मारणारा घटक दाखवला आणि बारसं उरकलं.

पण ते उंदीर कसले होते, हे बघा. त्यांना आधी बीसीजी टोचलेली होती! आपल्या दंडावर जिचा व्रण असतो तीच, गाईगुरांच्या क्षयजंतूपासून केलेली लस. त्यावर दुसऱ्या जंतूंचं विष दिलं, तेव्हा कुठे टीएनएफ रक्तात उसळलं. म्हणून माझं म्हणणं, नाव कर्करोगाचं असलं तरी कूळ क्षयाचं.

यावर आक्षेप आहे, आणि तो कच्चा नाही. बीसीजीऐवजी कोरिनेबॅक्टेरिया किंवा यीस्टपासून काढलेलं झायमोसान दिलं तरी चालतं, हे त्याच संशोधकांनी नोंदवलंय. मग बीसीजी निव्वळ योगायोग? मला नाही पटत. दुसरी शाखा पाहा. रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी आजारी जनावरं का झिजतात हे शोधत होते. झिजवणाऱ्या घटकाला त्यांनी ‘कॅकेक्टिन’ म्हटलं. १९८५ मध्ये ब्रूस बॉयटलर आणि सेरामी यांना कळलं, की कॅकेक्टिन आणि टीएनएफ एकच! त्या जनावरांना क्षय नव्हता, परजीवींचा आजार होता, हे कबूल. पण वाळत जाण्याची खूण तीच.

खरा पुरावा नंतर आला, तोही उलट्या बाजूने. संधिवात आणि आतड्यांच्या क्रोन्स आजारात टीएनएफ अति झालेलं असतं, म्हणून ते अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब १९९८ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. सांधे सुटले, पण २००१ मध्ये त्या औषधानंतर क्षय झालेल्या ७० रोग्यांची नोंद प्रसिद्ध झाली. फुप्फुसात दबून बसलेल्या क्षयजंतूंभोवती पेशींचं कडं असतं; ते टीएनएफच्या जोरावर टिकतं. टीएनएफ अडवलं की कडं ढासळतं. म्हणजे रोग्याला झिजवणारं आणि रोग कोंडून ठेवणारं प्रथिन एकच. कर्करोगाच्या घराण्याकडे इतका पक्का दाखला नाही.

तेव्हा तुम्हाला किंवा घरात कोणाला टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं सुरू करायची असतील, तर आधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी करून घ्या. आजोबांना किंवा मावशीला कधी टीबी झाला होता, हे आपल्याकडे चारचौघांत बोलत नाहीत. डॉक्टरांना मात्र सांगा.