जाक द मोले : कबुलीजबाब आणि सत्य

मार्च १३१४ मधला एक दिवस डोळ्यांसमोर आणा. पॅरिसमध्ये नोत्र दाम चर्चसमोर मंच उभारलाय. त्यावर चार कैदी, सात वर्षं कोठडीत काढलेले. निकाल वाचला जातो : आमरण तुरुंगवास. दोघं गप्प राहतात. उरलेल्या दोघांपैकी एक, सत्तरीच्या आसपासचा, म्हणजे माझ्याच वयाचा म्हणा ना, बोलू लागतो. आमचा संघ निर्दोष आहे, मी दिलेली कबुली खोटी होती! हा जाक द मोले, टेम्पलर संघाचा शेवटचा प्रमुख.

हा संघ १११९ च्या सुमारास जेरुसलेममध्ये यात्रेकरूंच्या रक्षणासाठी निघाला. लढणारे साधूच म्हणा. पुढे जमिनी आल्या, पैसा आला, राजेसुद्धा त्यांच्याकडे खजिना ठेवू लागले. पण १२९१ मध्ये आक्र शहर पडलं, पवित्र भूमी हातची गेली, आणि संघाचं मूळ कामच संपलं. पुढच्याच वर्षी सूत्रं मोलेकडे आली.

फ्रान्सचा राजा चौथा फिलिप पैशाच्या ओढाताणीत होता. १२ ऑक्टोबर १३०७ ला मोले राजघराण्यातल्या एका अंत्ययात्रेत मानानं चालला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला अटक झाली. राज्यभर टेम्पलर पकडले गेले. आरोप पाखंडाचा : क्रूसावर थुंकणं, मूर्तिपूजा. पॅरिसमध्ये १३८ जणांच्या जबान्या झाल्या, १३४ जणांनी काही ना काही कबूल केलं. मोलेनंही केलं.

आता इथे थोडं थांबू या. एवढे लोक कबूल करतात म्हणजे काहीतरी असणारच, असं आपल्याला वाटतं की नाही? पण छळ किंवा छळाची धास्ती असेल, तर कबुलीतून आरोप खरा ठरत नाही. माणसाच्या सहनशक्तीची मर्यादा तेवढी कळते. शिवाय कायदा असा, की कबूल करून पश्चात्ताप केला तर जीव वाचतो, कबुली मागे घेतली तर पुन्हा पाखंडी ठरून चिता. खोटं बोललात तर जगाल, खरं बोललात तर जळाल! १३१० मध्ये ५४ टेम्पलर असेच जाळले गेले.

मोले काही जन्मजात धीरोदात्त नव्हता. कबुली दिली, फिरवली, पुन्हा दिली. १३०९ मध्ये चौकशी आयोगापुढे संघाचा बचाव करायची संधी आली, तेव्हा ‘मी गरीब, निरक्षर शिपाईगडी’ असं म्हणून तो मागे सरला. १३१२ मध्ये पोप पाचव्या क्लेमेंटनं संघ बरखास्त केला, तोही दोष सिद्ध न करता, बदनामी फार झाली म्हणून.

मंचावर मात्र त्याच्यापुढे जगण्याचा पर्याय होता, आणि तो त्यानं नाकारला. त्याच संध्याकाळी सीन नदीतल्या बेटावर त्याला आणि सोबत बोललेल्या जोफ्रुआ द शार्नेला जिवंत जाळलं.

त्याच वर्षात पोप आणि राजा दोघंही वारले. मग शापाची दंतकथा जन्मली, गुप्त खजिन्याच्या कहाण्या आल्या. पोर्तुगालमध्ये संघाची मालमत्ता १३१९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ला मिळाली, त्याच संघटनेचा क्रूस शिडांवर मिरवत पोर्तुगीज जहाजं पुढे आपल्या किनाऱ्याला लागली.

पण मला त्याचा खरा वारसा यात दिसत नाही. सात वर्षं डळमळलेला माणूस शेवटी खरं बोलू शकतो, एवढं त्यानं दाखवलं. उशिरा आलेलं धैर्यही धैर्यच असतं. आणि कुणाची कबुली समोर आली, की ती कशी मिळवली हे आधी विचारायचं. एवढं आज घेऊन जा.