१५२ चुकांची रोजकीर्द

१/ सन १९७६. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत एक नवे यंत्र दाखल झाले : क्रे-१, क्रमांक पहिला. करार असा होता की, प्रयोगशाळेने सहा महिने यंत्र विनामूल्य वापरून पाहावे आणि मग विकत घ्यायचे, भाड्याने घ्यायचे की परत करायचे ते ठरवावे. परीक्षाच ती! म्हणून तेथील अभियंत्यांनी यंत्राच्या वर्तनाची काटेकोर नोंद ठेवली. सहा महिन्यांत स्मृतीच्या १५२ चुका भरल्या.

२/ त्या चुका कशामुळे झाल्या, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. उत्तर छापून आले ते २०१० मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी. आणि ते मिळाले ते जुनी नोंद शिल्लक होती म्हणून. आज असंख्य सर्व्हरांवर पडद्याआड एक छोटी सेवा अहोरात्र चालू असते आणि हेच काम करते : यंत्राच्या अंगाला काय झाले ते टिपून ठेवणे. हा धागा त्या अदृश्य कारकुनाच्या वंशावळीचा.

३/ आरंभी हा कारकून हाडामांसाचा होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ या यंत्राच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तो काढून नोंदवहीच्या पानावर चिकटवला गेला आणि शेजारी वेळ व जागा लिहिली गेली. ‘बग’ हा शब्द या घटनेतून जन्मला, ही दंतकथा आहे. एडिसनच्या काळीही तो प्रचारात होता. पानाचे खरे मोल निराळे आहे. कोठे, केव्हा, काय झाले, हे तिन्ही त्यावर आहे. ते पान आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपलेले आहे.

४/ पण यंत्राचा वेग वाढला, तसा माणसाचा हात मागे पडला. चूक झाली हे यंत्राला स्वतःलाच कळले पाहिजे. त्यासाठी सर्वांत साधी युक्ती ‘पॅरिटी’. प्रत्येक शब्दासोबत एक जादा बिट ठेवायचा, असा की एकूण १ ची संख्या नेहमी सम राहील. ती विषम दिसली, तर कोठेतरी एक बिट पालटला. कोणता पालटला, हे मात्र कळत नाही. घरात चोरी झाल्याचे समजावे, पण काय गेले ते समजू नये, तसे.

५/ बेल लॅब्जमधील रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाला याच अर्धवट ज्ञानाचा राग आला. त्याला रिलेंचे संगणकयंत्र शनिवार-रविवारीच मिळे. तेव्हा यंत्रापाशी कोणी नसे. चूक आढळली की यंत्र ते काम टाकून पुढच्या कामाकडे वळे. लागोपाठ दोन आठवडे त्याचे गणित असे वाया गेले. चूक झाल्याचे यंत्राला कळते, तर ती कोठे आहे हे का कळू नये? या प्रश्नाचे उत्तर त्याने १९५० मध्ये प्रसिद्ध केले.

६/ हॅमिंगची रीत अशी : एका पॅरिटी-बिटाऐवजी अनेक ठेवायचे आणि प्रत्येकाने शब्दातील वेगवेगळ्या, एकमेकांवर येणाऱ्या गटांवर नजर ठेवायची. कोणकोणत्या गटांनी तक्रार केली हे पाहिले की गुन्हेगार बिट नेमका सापडतो. ६४ बिटांच्या शब्दाला असे ८ जादा बिट दिले, तर एक चूक दुरुस्त होते आणि दोन चुका निदान ओळखता येतात. सर्व्हरांच्या स्मृतीत ही व्यवस्था पुढे रूढ झाली.

७/ येथेच एक नवा पेच उभा राहिला. चूक आपोआप दुरुस्त होऊ लागली, तेव्हा ती दिसेनाशी झाली! भिंतीला गेलेला तडा रोज रात्री कोणी गुपचूप लिंपत असेल, तर घरमालकाला भिंत ढासळते आहे हे कळणार कसे? दुरुस्तीइतकीच दुरुस्तीची नोंद महत्त्वाची ठरली. ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० च्या रचनेत यंत्रबिघाडाची वर्दी देणारा स्वतंत्र ‘मशीन चेक’ व्यत्यय होता. यंत्र आता स्वतःच ओरडू लागले. ती हाक ऐकणारा कोणीतरी हवा होता.

८/ तो ऐकणारा घडला दुसऱ्या एका परंपरेत. १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या ‘प्रोजेक्ट मॅक’मधील मंडळींनी, कोणीही न सांगता मागच्या मागे कामे उरकणाऱ्या प्रोग्रॅमांना ‘डीमन’ हे नाव दिले. प्रेरणा होती भौतिकशास्त्रातील मॅक्सवेलच्या डीमनची. हा काल्पनिक द्वारपाल जलद आणि मंद रेणू अविश्रांत वेगळे करीत बसतो. नावात भुताची छटा असली, तरी हा डीमन मुळात पहारेकरी आहे. त्याला झोप नाही, कंटाळा नाही आणि कोणाशी बोलणेही नाही.

९/ या पहारेकऱ्याच्या हाती लेखणी आली ती १९८० च्या दशकात. बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ या टपाल-प्रोग्रॅमसाठी ‘सिसलॉग’ लिहिला. कोणत्याही प्रोग्रॅमने आपली वर्दी सिसलॉगकडे द्यावी आणि त्याने ती वेळ, उगम व गांभीर्य यांसह लिहून ठेवावी, ही ती योजना. युनिक्सच्या जगाला जणू एक समाईक रोजकीर्द मिळाली. यंत्राच्या अंगाचे दुखणे मात्र तिच्यात फारसे नीट उमटत नव्हते.

१०/ आणि ते दुखणे तर बदलत होते. आरंभीची स्मृती चुंबकीय कड्यांची असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधून १९६० मध्ये पूर्ण केलेल्या टिफ्रॅक या संगणकातही अशाच कड्या होत्या. एखाद्या सूक्ष्म कणाच्या धडकेने अशी कडी सहसा पालटत नाही. १९७० च्या दशकात कड्यांची जागा सिलिकॉनच्या चिपने घेतली. आता एक बिट म्हणजे विद्युत्भाराचा इवलासा साठा. तो हलवायला फार थोडे पुरते.

११/ १९७८ मध्ये इंटेलच्या टिमथी मे आणि मरी वुड्स यांनी एक चमत्कारिक कारण दाखवून दिले. चिप ज्या वेष्टनात बसवली जाई, त्याच्या सामग्रीत युरेनियम व थोरियमचे अत्यल्प अंश होते. त्यांतून निघणारे अल्फा कण बिट पालटवीत होते. चिप तपासली तर निर्दोष! बिघाड कायमचा नव्हताच. कण येऊन गेला आणि मागे एक खोटा आकडा ठेवून गेला. अशा चुकेला ‘सॉफ्ट एरर’ म्हणू लागले.

१२/ पुढच्याच वर्षी जेम्स झीगलर आणि विल्यम लॅनफोर्ड यांनी बोट आकाशाकडे दाखवले. वैश्विक किरण १९१२ मध्ये व्हिक्टर हेस यांनी फुग्यातून उंच जाऊन शोधले होते. १९३७ मध्ये होमी भाभा आणि वाल्टर हाइटलर यांनी त्यांच्यातील इलेक्ट्रॉनांचे वातावरणात होणारे वर्षाव गणिताने उलगडले होते. वैश्विक किरणांतील प्रोटॉन हवेतील अणुकेंद्रकांवर आदळले की न्यूट्रॉन सुटतात. हे न्यूट्रॉन भिंती भेदून चिपपर्यंत पोहोचतात. भाभांच्या एकाच संस्थेत वैश्विक किरण आणि संगणक शेजारी शेजारी अभ्यासले गेले. या दोन विषयांचे वैर जगासमोर यायला १९७९ साल उजाडले.

१३/ आता पुन्हा लॉस अलामोस. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंच आहे. तेथे हवेचे कवच पातळ आणि न्यूट्रॉनांचा मारा किनारपट्टीपेक्षा कित्येक पट अधिक. पहिल्या क्रे-१ मध्ये पॅरिटी होती, दुरुस्तीची सोय नव्हती. स्मृतीच्या सुमारे ७०,००० चिप होत्या. २०१० मध्ये संशोधकांनी या आकड्यांची सांगड न्यूट्रॉनांच्या प्रमाणाशी घातली, तेव्हा १५२ चुकांचा मेळ बसला. जमिनीवरील संगणकात अशा चुकांची ही सर्वांत जुनी नोंद ठरली. नोंद करणाऱ्यांना आपण काय नोंदवीत आहोत, हे माहीतही नव्हते.

१४/ लिनक्सच्या जगात हा वारसा अँडी क्लीन यांच्या ‘एमसीईलॉग’कडे आला. प्रोसेसर मशीन चेकची वर्दी कर्नेलला देतो, कर्नेल ती राखून ठेवतो आणि हा डीमन ती उचलून माणसाला कळेल अशा भाषेत लिहितो. तो केवळ लेखनिक राहिला नाही. स्मृतीच्या एखाद्या पानात दुरुस्त चुका ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या, तर ते पान वापरातून काढून टाकण्याची व्यवस्थाही त्यात आली. पहारेकऱ्याला कारवाईचा अधिकार मिळाला.

१५/ पुढे मॉरो कार्व्हालो शेहाब यांनी ‘रासडीमन’ लिहिला. विश्वासार्हता, उपलब्धता आणि दुरुस्तीसुलभता या तीन गुणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलेले हे नाव. यंत्र सुरू होताना ही सेवा सुरू होते, कर्नेलच्या घटनांकडे कान लावते आणि स्मृती, प्रोसेसर, पीसीआय मार्ग यांच्या चुका एका लहानशा डेटाबेसमध्ये ठेवू शकते. मदरबोर्डची माहिती नीट भरलेली असेल, तर कोणत्या खाचेतील मेमरी-पट्टी दुखते आहे हेही सांगते. १९४७ च्या पानावरचेच तीन प्रश्न : कोठे, केव्हा, काय.

१६/ अशा नोंदी साठल्या, की त्या प्रस्थापित समजुतींनाही प्रश्न विचारतात. २००९ मध्ये बिआंका श्रोडर आणि गूगलमधील दोन संशोधकांनी सुमारे अडीच वर्षांच्या नोंदी तपासल्या. वर्षाकाठी जवळजवळ एकतृतीयांश यंत्रांत आणि ८ टक्क्यांहून अधिक मेमरी-पट्ट्यांत दुरुस्त करता येणाऱ्या चुका आढळल्या. एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता पुष्कळ जास्त होती. म्हणजे येथे बहुतेक दोष आकाशातील पाहुण्यांचा नव्हता. झिजलेल्या, सदोष भागांचा होता.

१७/ आणि नोंद नसेल तर? १८ मे २००३ रोजी बेल्जियममधील स्खारबेक येथे एका उमेदवाराला शक्य असलेल्या कमाल मतांहूनही जास्त मते पडल्याचे दिसले. फेरमोजणीत जादा मतांचा आकडा निघाला ४,०९६, म्हणजे २ चा बारावा घात. नेमका एक बिट पालटल्यावर येणारा फरक. वैश्विक किरणाचा संशय आजही सांगितला जातो. पण त्या क्षणाची नोंद कोणी ठेवली नव्हती. लॉस अलामोसचे अनुमान आकड्यांच्या आधारावर उभे राहिले, स्खारबेकचे मात्र तर्काच्या पायरीवरच थांबले.

१८/ नोंदवहीलाही मर्यादा आहेत. २०२१ मध्ये गूगल आणि फेसबुक येथील अभियंत्यांनी अशा प्रोसेसरांविषयी लिहिले, जे क्वचित चुकीचे उत्तर देतात आणि कोणतीही वर्दी देत नाहीत. मशीन चेक नाही, व्यत्यय नाही, डीमनच्या वहीत कोरे पान. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा पेच ओळखीचा वाटेल. दप्तरात कागद नाही म्हणजे घटना घडली नाही, असा निष्कर्ष काढणे ही नवख्याची चूक असते.

१९/ रासडीमनसारखी सेवा सुरू करणे म्हणजे एखाद्या आज्ञेचे काम. ते करणारा सहसा विसरूनही जातो. वर्षानुवर्षे त्या वहीत कोणी डोकावत नाही. पण ज्या दिवशी हिशेब जुळत नाही, त्या दिवशी आधी तीच उघडली जाते. लॉस अलामोसच्या अभियंत्यांना कारण कळले नव्हते, तरी त्यांनी आकडा खोडला नाही, सजवला नाही, ‘किरकोळ’ म्हणून वगळलाही नाही. कारण समजण्यापूर्वीच प्रामाणिकपणे लिहून ठेवलेली गोष्ट पुढच्या पिढीला पुरावा म्हणून मिळाली.