आधी पेरणी, मग खुरपणी

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या, विशेषतः शिक्षकबंधूंच्या पेटीत अर्धवट कादंबरीची एखादी वही असतेच. पहिले प्रकरण दहा वेळा घोटलेले, आणि दुसऱ्याचा पत्ता नाही! अशा वहीच्या धन्यासाठी एक जुनी हकीकत सांगतो.

साल १८६६. रशियाची त्या वेळची राजधानी सेंट पीटर्सबर्ग. कादंबरीकार दस्तयेव्हस्की कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला; वारलेल्या थोरल्या भावाचे देणेही त्याने अंगावर घेतले होते. स्टेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाने त्याला तीन हजार रूबल दिले, पण करार मोठा सावकारी! १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी हाती पडली नाही, तर पुढली नऊ वर्षे त्याचे लिखाण फुकट छापण्याचा हक्क प्रकाशकाचा. आणि ऑक्टोबर उजाडला तरी कादंबरीची एक ओळ तयार नव्हती.

मित्र म्हणाले, आपण सगळे मिळून एकेक भाग लिहू. त्याने साफ नाही म्हटले. दुसऱ्याच्या लिखाणावर आपले नाव कसे घालायचे? मग अन्ना नावाची वीस वर्षांची लघुलेखिका आली. तो रात्री मनाशी जुळणी करी आणि दिवसा तोंडाने मजकूर सांगे. ती घरी नेऊन स्वच्छ प्रत काढी. दुसऱ्या दिवशी तो त्या पानांवरून हात फिरवी आणि लगेच पुढे निघे. मागे रेंगाळणे नाही. ४ ऑक्टोबरला आरंभ, २९ ला शेवट. सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ ही कादंबरी पुरी झाली! मुदतीच्या दिवशी प्रकाशक गावाबाहेर निघून गेला, तेव्हा याने हस्तलिखित पोलिसचौकीत देऊन पावती घेतली. पुढे १८६७ साली अन्ना त्याची पत्नी झाली.

कोणी म्हणेल, ही तर निव्वळ घाई. तसे नाही. याच माणसाने १८६५ च्या नोव्हेंबरात ‘अपराध आणि शिक्षा’चा मजकूर जाळून पुन्हा आरंभ केला होता. पण केव्हा? चार ओळी लिहून नव्हे. पुष्कळसे लिहून झाल्यावर, नवी मांडणी सुचल्यावर. जे कागदावर उतरलेच नाही, ते सुधारणार काय आणि जाळणार काय?

पेरणी चालू असता आपण खुरपे हाती घेत नाही. रान आधी पेरून काढतो; तण काढायचे ते पीक वर आल्यावर. गुरुजी, वर्गातले पोर निबंध लिहीत असेल, तेव्हा तांबडी पेन्सिल जरा खिशातच ठेवा. त्याला शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचू द्या. आणि आज रात्री पेटीतली ती वही काढाल, तेव्हा पहिले पान उघडू नका. कोरे पान उघडा.